इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही तेव्हा: नवख्यांसाठी तपासणीचा क्रम

ऑपरेटिंग सिस्टीम बसवताना डिस्क निवडण्याच्या पडद्यापर्यंत सारे सुरळीत होते आणि तेथे मात्र यादी कोरी निघते. अशा वेळी डिस्क निकामी झाली असावी असा तर्क सहज केला जातो. पण नव्या संगणकावर, विशेषतः नव्या लॅपटॉपवर, तो बहुधा चुकीचा ठरतो. त्या यादीत येण्यापूर्वी डिस्कला तीन ठिकाणी ओळख पटवावी लागते. प्रथम मदरबोर्डवरील फर्मवेअरला, म्हणजे ज्याला आपण सवयीने अजूनही बायोस म्हणतो त्या यूईएफआयला, ती जोडलेली आहे हे कळावे लागते. त्यानंतर पेन ड्राइव्हवरून सुरू झालेल्या इन्स्टॉलरजवळ तिच्या कंट्रोलरशी, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या चिपशी, बोलणारा ड्रायव्हर असावा लागतो. शेवटी डिस्कवरील पार्टिशनांची मांडणी इन्स्टॉलरला मान्य व्हावी लागते. अडचण या तिहींपैकी कोठे आहे हे ठरल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नये. ड्रायव्हर नसताना केबल बदलत बसणे किंवा पार्टिशनचा प्रश्न असताना ड्रायव्हर शोधत फिरणे यात वेळ जातो. आणि घाईने डिस्क पुसली तर वेळेबरोबर माहितीही जाते.

सुरुवात करण्यापूर्वी

डिस्कवर जुनी माहिती असेल तर ती आधी दुसरीकडे उतरवून घ्यावी. संगणकावर पूर्वीपासून विंडोज असेल तर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी सोय, चालू आहे का हे पाहावे, कारण पुष्कळ लॅपटॉपांत ते मालकाच्या नकळत चालू झालेले असते आणि फर्मवेअरमधील सेटिंग बदलताच विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ही की आधी लिहून घ्यावी. संगणकात अनेक डिस्क असतील आणि त्या काढणे शक्य असेल, तर जिच्यावर सिस्टीम बसवायची आहे तेवढीच जोडलेली ठेवावी. पुढे चुकीची डिस्क पुसली जाण्याचा धोका त्यामुळे मुळातच टळतो.

या लेखात आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लहान अक्षरांत टंकाव्या लागतात.

पहिली पायरी: फर्मवेअरला डिस्क दिसते का

संगणक सुरू करताच एफ २, डिलीट, एफ १० किंवा एस्केप यांपैकी जी कळ निर्मात्याने ठरवलेली असेल ती वारंवार दाबून फर्मवेअरच्या सेटअपमध्ये जावे. तेथे स्टोरेज, साटा कॉन्फिगरेशन किंवा एनव्हीएमई कॉन्फिगरेशन अशा नावाच्या पानावर जोडलेल्या डिस्कचे मॉडेल आणि क्षमता लिहिलेली असते. साटा आणि एनव्हीएमई या डिस्कने संगणकाशी बोलण्याच्या अनुक्रमे जुन्या आणि नव्या पद्धती आहेत. काही लॅपटॉपांत ही माहिती पहिल्याच पानावर मिळते.

येथे नवखा माणूस हमखास फसतो. तो बूट क्रमाची यादी उघडतो, तीत डिस्क नाही हे पाहतो आणि फर्मवेअरला ती दिसतच नाही असे समजतो. यूईएफआयच्या बूट यादीत डिस्कची नावे येतीलच असे नसते. तेथे सुरू करता येण्याजोग्या सिस्टीमच्या नोंदी असतात. कोरी डिस्क त्या यादीत नसणे हे अगदी स्वाभाविक आहे. निर्णय स्टोरेजच्या पानावरूनच करावा.

त्या पानावर डिस्कचे नाव आणि योग्य क्षमता दिसत असेल, तर दुसरी पायरी सोडून थेट तिसरीकडे जावे. नाव दिसते पण क्षमता शून्य किंवा अगदीच थोडी आहे, असे असेल तर डिस्कच्या आतील कंट्रोलर बिघडला असण्याची शक्यता मोठी असते. काही एसएसडी अशा बिघाडात स्वतःचे खरे नाव सोडून ‘साटाफर्म एस ११’ असे नाव सांगू लागतात. हे नाव दिसले तर ड्रायव्हर आणि केबल यांचा नाद सोडावा. ती डिस्क सिस्टीम बसवण्याच्या कामाची राहिलेली नसते.

दुसरी पायरी: फर्मवेअरलाही दिसत नसेल तर

आता प्रश्न जोडणीचा आहे. संगणक पूर्ण बंद करून विजेची तार काढावी, लॅपटॉप असेल तर बॅटरीही सोडवावी, आणि अंगावरील स्थिर वीज उतरावी म्हणून केसच्या उघड्या धातूला हात लावूनच पुढचे काम करावे.

साटा डिस्कला दोन जोडण्या असतात: ७ पिनांची माहितीची केबल आणि १५ पिनांची विजेची. दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात, नंतर माहितीची केबल बदलून पाहावी आणि मग मदरबोर्डवरील दुसरा पोर्ट वापरून पाहावा. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर दोष कशात होता ते कळते. सेटअपमध्ये तो पोर्ट बंद करून ठेवलेला नाही ना, हेही पाहून घ्यावे. फिरती हार्ड डिस्क असेल तर वीज मिळताच तिची हलकी घरघर हाताला जाणवते. ती जाणवत नसेल तर विजेचा पुरवठा तपासावा. सर्व्हरसाठी बनवलेल्या काही मोठ्या हार्ड डिस्क जुन्या पॉवर सप्लायवर मुद्दामच सुरू होत नाहीत. साटाच्या ३.३ या आवृत्तीत विजेच्या जोडणीतील तिसऱ्या पिनला डिस्क बंद ठेवण्याचे काम देण्यात आले, आणि जुने पॉवर सप्लाय त्याच पिनवर सतत ३.३ व्होल्ट देत राहतात. ३.३ व्होल्टची तार नसलेल्या अडॅप्टरवरून वीज दिली की अशी डिस्क सुरू होते.

एम.२ प्रकारच्या एसएसडीबाबत घोटाळा वेगळा आहे. एम.२ हे आकाराचे आणि जोडणीचे नाव आहे. आतून ती एसएसडी साटा असू शकते किंवा एनव्हीएमई. दोन्ही २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब असल्यामुळे सारख्याच दिसतात, पण काही स्लॉट फक्त साटा स्वीकारतात, काही फक्त एनव्हीएमई, तर काही दोन्ही. सोनेरी दातांमध्ये दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा असते आणि एकच खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई, परंतु यालाही अपवाद आहेत, म्हणून लेबलवरील मॉडेल क्रमांक आणि मदरबोर्डची पुस्तिका यांवरच विश्वास ठेवावा. त्याच पुस्तिकेत आणखी एक बारीक टीप सापडते: अनेक मदरबोर्डांवर एम.२ स्लॉट भरला की एखाददुसरा साटा पोर्ट आपोआप बंद होतो, कारण दोघांची वाट एकच असते. नवी एसएसडी लावल्यावर जुनी हार्ड डिस्क गायब झाली असेल तर तिची केबल दुसऱ्या पोर्टवर हलवणे एवढाच उपाय आहे.

जुन्या मदरबोर्डवर अडॅप्टर कार्ड लावून एनव्हीएमई एसएसडी बसवणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की एनव्हीएमईचे पहिले मानक २०११ सालचे आहे. त्या सुमाराच्या फर्मवेअरला अशा डिस्कवरून संगणक सुरू करता येत नाही. कधी फर्मवेअरची नवी आवृत्ती हा प्रश्न सोडवते, कधी नाही.

एवढे करूनही डिस्क उमटत नसेल तर ती दुसऱ्या संगणकात, किंवा तिच्या प्रकाराला जुळणाऱ्या यूएसबी पेटीत लावून पाहावी. तेथेही ती दिसली नाही तर दोष डिस्कचाच. तेथे दिसली तर दोष मूळ संगणकाच्या स्लॉटमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे.

तिसरी पायरी: फर्मवेअरला दिसते, इन्स्टॉलरला नाही

सध्या सर्वाधिक लोक अडकतात ते येथे. इंटेलच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या अनेक लॅपटॉपांत, विशेषतः ११व्या पिढीपासून पुढे, व्हीएमडी नावाची सोय चालू ठेवलेली असते. या सोयीत एनव्हीएमई डिस्क थेट सिस्टीमसमोर न येता व्हीएमडी कंट्रोलरच्या आड राहते. विंडोजच्या इन्स्टॉलरजवळ साध्या एनव्हीएमईचा ड्रायव्हर असतो, पण या कंट्रोलरचा अनेकदा नसतो. त्यामुळे डिस्क पूर्ण धडधाकट असूनही यादी कोरी राहते आणि ‘लोड ड्रायव्हर’ करा अशी सूचना येते. मार्ग दोन आहेत: इन्स्टॉलरला ड्रायव्हर देणे किंवा व्हीएमडी बंद करणे.

ड्रायव्हर देण्यासाठी दुसऱ्या संगणकावरून लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावर जावे, आपल्या मॉडेलचे पान उघडावे आणि तेथून इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी, म्हणजे आरएसटी, या नावाचा ड्रायव्हर घ्यावा. इंटेलच्या संकेतस्थळावरची सर्वांत नवी आवृत्ती उचलण्याचा मोह टाळावा. नव्या आवृत्त्या जुन्या पिढ्यांचा आधार सोडत जातात, म्हणून आपल्या प्रोसेसरच्या पिढीला जुळणारीच आवृत्ती लागते. उतरवलेली फाइल बहुधा डॉट ईएक्सई असते आणि पुष्कळ जण तीच पेन ड्राइव्हवर टाकून मोकळे होतात. इन्स्टॉलर ईएक्सई फाइल उघडत नाही. त्याला आतली डॉट आयएनएफ फाइल आणि तिच्यासोबतच्या डॉट एसवायएस व डॉट सीएटी फाइली सुट्या लागतात. इंटेलची सेटअप-आरएसटी ही फाइल कमांड प्रॉम्प्टमधून, एक्स्ट्रॅक्ट-ड्रायव्हर्स हा पर्याय आणि त्यापुढे फोल्डरचा पत्ता देऊन चालवली, तर त्या सुट्या होऊन त्या फोल्डरमध्ये पडतात. निर्मात्याच्या पॅकेजमध्ये अनेकदा तयार झिप फाइल मिळते. ती मात्र उलगडून घेतलीच पाहिजे.

मिळालेल्या फोल्डरांपैकी व्हीएमडी नावाचा फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवावा. इन्स्टॉलरचाच पेन ड्राइव्ह चालतो. मग डिस्क निवडण्याच्या पडद्यावर लोड ड्रायव्हर, त्यानंतर ब्राउझ, असे करत तो फोल्डर दाखवावा. यादीत व्हीएमडी कंट्रोलर असे शब्द असलेले नाव येते. ते निवडून पुढे गेले की काही क्षणांत डिस्क दिसू लागते. नावच आले नाही तर ‘न जुळणारे ड्रायव्हर लपवा’ अशा अर्थाची खूण काढून पाहावी. खूण काढल्यावरच ड्रायव्हर दिसत असेल तर फाइली बरोबर वाचल्या जात आहेत, पण ड्रायव्हर आपल्या कंट्रोलरचा नाही, असा त्याचा अर्थ. तो जबरदस्तीने निवडून काही साधत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे सेटअपमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करणे. काही लॅपटॉपांत हा पर्याय साटा ऑपरेशन या नावाखाली ‘रेड’ (अनेक डिस्क एकत्र बांधण्याची पद्धत) आणि ‘एएचसीआय’ (डिस्क सुट्या दाखवणारी साधी पद्धत) अशा निवडीच्या रूपात असतो. एसरच्या अनेक मॉडेलांत तो लपवलेला असतो आणि मेन या टॅबवर असताना कंट्रोल व एस या कळा एकत्र दाबल्यावर प्रकट होतो. संगणकात एकच डिस्क असेल आणि ती कोरी करूनच सिस्टीम बसवायची असेल, तर माझ्या मते हा मार्ग सरळ आहे. पुढे प्रत्येक वेळी ड्रायव्हर शोधावा लागत नाही. मात्र अनेक डिस्क एकत्र बांधून रेड केलेले असेल तर हे सेटिंग मुळीच बदलू नये, कारण ती बांधणी सिस्टीमला दिसेनाशी होईल. आणि एकदा सिस्टीम बसवल्यानंतर ज्या अवस्थेत बसवली ती अवस्था कायम ठेवावी.

जुने विंडोज तसेच ठेवून शेजारी लिनक्स बसवणाऱ्यांनी विशेष सावध असावे. विंडोज रेड अवस्थेत बसवलेले असताना एकाएकी एएचसीआय केले, तर विंडोज निळ्या पडद्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे सांगून थांबते. ते टाळण्यासाठी आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूट या टॅबवर सेफ बूटची खूण करावी, संगणक पुन्हा सुरू होताना सेटअपमध्ये शिरून एएचसीआय निवडावे, सेफ मोडमध्ये विंडोज उघडू द्यावे, म्हणजे ते आवश्यक ड्रायव्हर स्वतःच जागा करते, आणि शेवटी ती खूण काढून पुन्हा सुरू करावे. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असे नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड ठाऊक असावा. बिटलॉकर हे सारे करण्यापूर्वी तात्पुरते थांबवलेले बरे.

लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, व्हीएमडीचा ड्रायव्हर अंगभूत असल्यामुळे आजच्या वितरणांना बहुतेक नव्या लॅपटॉपांवर अडचण येत नाही. त्याआधीच्या काही पिढ्यांत मात्र आरएसटी एनव्हीएमई डिस्कला साटा कंट्रोलरच्या मागे दडवत असे, आणि ती लिनक्सला दिसत नाही. लिनक्स लाइव्ह पद्धतीने, म्हणजे न बसवता पेन ड्राइव्हवरूनच, सुरू करून टर्मिनलमध्ये एलएसबीएलके ही आज्ञा दिली की सिस्टीमला दिसणाऱ्या सर्व डिस्कची यादी मिळते: साटाची नावे एसडीए, एसडीबी अशी, एनव्हीएमईचे नाव एनव्हीएमई-शून्य-एन-एक असे, तर स्वस्त लॅपटॉपांतील ईएमएमसीचे नाव एमएमसीबीएलके या अक्षरांनी सुरू होणारे असते. डिस्क यादीत नसेल तर सुडो डीमेसेज ही आज्ञा देऊन कर्नेलच्या नोंदी वाचाव्यात. त्यांत ‘रीमॅप्ड एनव्हीएमई’ असे शब्द सापडले तर कर्नेलच आपल्याला रेड सोडून एएचसीआय निवडा असे सांगत असतो, इतकी ती नोंद स्पष्ट असते.

एएमडीच्या संगणकांवर रेड चालू असेल तर विंडोजला तीन ड्रायव्हर ठरावीक क्रमाने द्यावे लागतात: प्रथम आरसीबॉटम, मग आरसीरेड, शेवटी आरसीसीएफजी. पहिला दिल्यावर डिस्क दिसली नाही म्हणून थांबू नये. रेडची गरजच नसेल तर ते सेटअपमध्ये बंद करणे सोपे.

विंडोज ७ एनव्हीएमई डिस्कवर बसवण्याचा हट्ट धरणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की तिच्या मूळ इन्स्टॉलरमध्ये एनव्हीएमईचाही ड्रायव्हर नाही आणि यूएसबी ३ चाही नाही.

चौथी पायरी: डिस्क दिसते, पण स्वीकारली जात नाही

डिस्क यादीत आहे, मात्र तिच्यावर विंडोज बसवता येणार नाही असा संदेश येतो, तेव्हा तो शब्दशः वाचावा. बहुतेक वेळा वाद एमबीआर आणि जीपीटी या दोन मांडण्यांचा असतो. एमबीआर ही १९८३ पासूनची मांडणी आहे. तीत चारच प्राथमिक पार्टिशन मावतात आणि ५१२ बाइटांचे सेक्टर असतील तर सुमारे २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. जीपीटीत विंडोजला १२८ पार्टिशन करता येतात आणि क्षमतेची अडचण राहत नाही. यूईएफआय पद्धतीने सुरू झालेला विंडोजचा इन्स्टॉलर फक्त जीपीटी डिस्क स्वीकारतो आणि जुन्या बायोस पद्धतीने सुरू झालेला फक्त एमबीआर.

म्हणून डिस्कला हात लावण्यापूर्वी पेन ड्राइव्ह कोणत्या पद्धतीने सुरू झाला हे पाहावे. बूट मेन्यूत एकाच पेन ड्राइव्हची दोन नावे असू शकतात, त्यांपैकी एकाच्या आधी यूईएफआय असे लिहिलेले असते. डिस्क जीपीटी आहे म्हणून नकार मिळत असेल तर ते नाव निवडून पुन्हा सुरू करणे पुरते. डिस्क पुसण्याचे काही कारण नाही. विंडोज ११ ला यूईएफआय आवश्यकच असल्यामुळे तिथे हीच पद्धत धरावी.

डिस्क एमबीआर असेल आणि तिच्यावर चालू विंडोज असेल, तर विंडोज १० च्या २०१७ मधील १७०३ या आवृत्तीपासून आलेली एमबीआर-२-जीपीटी ही आज्ञा माहिती न पुसता मांडणी बदलून देते. डिस्क कोरी करण्यास हरकत नसेल तरच पुढचा मार्ग घ्यावा. इन्स्टॉलरमध्ये शिफ्ट व एफ १० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडावा, डिस्कपार्ट ही आज्ञा द्यावी आणि लिस्ट डिस्क असे लिहावे. प्रत्येक डिस्कचा क्रमांक आणि आकार दिसतो, आणि जीपीटी या रकान्यात तारा असेल तर ती डिस्क आधीच जीपीटी असते. मग सिलेक्ट डिस्क व तिचा क्रमांक, त्यानंतर क्लीन, शेवटी कन्व्हर्ट जीपीटी. क्लीन ही आज्ञा खातरजमेचा कोणताही प्रश्न विचारत नाही. एंटर दाबण्यापूर्वी क्रमांक आणि आकार पुन्हा एकदा जुळवून पाहावा. शंका असेल तर दुसऱ्या डिस्कची केबल काढून मगच पुढे जावे.

यादीत फक्त १६ किंवा ३२ जीबीच्या आसपासची एखादी छोटी डिस्क दिसत असेल तर ती हार्ड डिस्कचा वेग वाढवण्यासाठी लावलेला ऑप्टेनचा तुकडा असू शकतो. सिस्टीम तिच्यावर बसवू नये. आधी जुन्या विंडोजमधून किंवा सेटअपमधून ऑप्टेन बंद करावे.

लिनक्समध्ये याच पायरीवर आणखी एक प्रकार आढळतो. डिस्क एलएसबीएलके दाखवते, पण इन्स्टॉलर दाखवत नाही. ती डिस्क पूर्वी रेडमध्ये वापरलेली असली तर तिच्यावर त्या रेडच्या खुणा उरलेल्या असतात आणि इन्स्टॉलर तिला कोणत्या तरी संचाचा भाग समजून बाजूला ठेवतो. सुडो वाइपएफएस आणि त्यापुढे डिस्कचा पूर्ण पत्ता अशी आज्ञा दिली की त्या खुणा नुसत्या दिसतात; तीच आज्ञा ऑल या पर्यायासह दिली की पुसल्या जातात. पहिली निर्धास्तपणे चालवावी, दुसरी बॅकअप असेल तरच.

मॅकवर डिस्क युटिलिटी नव्या, कोऱ्या डिस्क चटकन दाखवत नाही. व्ह्यू मेन्यूतून ‘शो ऑल डिव्हाइसेस’ निवडले की त्या दिसतात. मग सर्वांत वरचे नाव निवडून एपीएफएस आणि जीयूआयडी पार्टिशन मॅप या पर्यायांनी ती पुसली की इन्स्टॉलर तिला स्वीकारतो.

आभासी संगणक आणि सर्व्हर

केव्हीएम किंवा प्रॉक्समॉक्स या आभासी संगणक चालवणाऱ्या प्रणालींवर विंडोज बसवताना डिस्क व्हर्टआयओ प्रकारची निवडली असेल तर तिसऱ्या पायरीतील अडचणच पुन्हा उभी राहते. व्हर्टआयओ-विन ही आयएसओ दुसरी सीडी म्हणून जोडावी आणि तिच्यातील व्हीआयओस्टोर, किंवा स्कझी कंट्रोलर असेल तर व्हीआयओस्कझी, या फोल्डरातून ड्रायव्हर द्यावा. सर्व्हरमधील रेड कार्डांवर मात्र ड्रायव्हर असूनही यादी कोरी राहू शकते, कारण कार्डाच्या स्वतःच्या सेटअपमध्ये जाऊन डिस्कचा आभासी संच तयार केल्याशिवाय ते कार्ड सिस्टीमला काहीच दाखवत नाही.

दिसते आणि मध्येच नाहीशी होते

फाइली उतरवण्याचे काम अर्ध्यावर येऊन डिस्क गायब झाली, तर साटा असल्यास केबल बदलून पाहावी आणि एनव्हीएमई असल्यास ती स्लॉटमध्ये पूर्ण बसली आहे का व फार तापते आहे का हे पाहावे. काही एनव्हीएमई डिस्क वीज वाचवण्याच्या खोल अवस्थेत गेल्या की परत येत नाहीत. लिनक्समध्ये त्याची खूण डीमेसेजच्या नोंदींत कंट्रोलर बंद पडल्याच्या ओळींच्या रूपात मिळते, आणि डिस्कच्या फर्मवेअरची नवी आवृत्ती किंवा कर्नेलला ती अवस्था बंद ठेवायला सांगणारा पर्याय हे त्यावरचे उपाय आहेत. यांपैकी कशानेच फरक पडला नाही तर लाइव्ह लिनक्समधून स्मार्टसीटीएल ही आज्ञा देऊन डिस्कच्या आरोग्याची नोंद वाचावी. हार्ड डिस्कमध्ये वाचता न येणाऱ्या, प्रलंबित सेक्टरांची संख्या शून्याहून अधिक असेल आणि दर वाचनाला वाढत असेल, तर त्या डिस्कवर सिस्टीम बसवण्याचा प्रयत्न थांबवावा आणि तिच्यातून जे उतरवून घेता येईल ते त्याच बैठकीत उतरवून घ्यावे.